नवसाचं दूध

तुमच्या गोठ्यातली गाय दिवस भरायच्या आत गाभडली, तर ती गोष्ट तुम्ही कुणाला सांगता?

खरं उत्तर द्या. शेजाऱ्याला सांगत नाही, कारण नजर त्याचीच लागली असा संशय असतो. दूध नेणाऱ्याला सांगत नाही, तो उद्यापासून यायचा थांबेल. दवाखान्यात तर नाहीच. मेलेल्या वासराला डॉक्टर काय जिवंत करणार? घरातला कुणीतरी ते वासरू उकिरड्यावर नेऊन टाकतो, पुढचं काम कुत्री करतात, आणि संध्याकाळपर्यंत घरात ठरतं की गाईला बैलानं ढुसणी दिली. नोकरीला लागल्यापासून बैलाच्या ढुसणीनं गाभडलेल्या इतक्या गाई मी ऐकल्या आहेत, की परभणी जिल्ह्यातल्या बैलांना नांगराचं काम कधी उरतं असा प्रश्न पडावा.

मी जनावरांची डॉक्टर आहे. देवगाव फाट्यापासून आत, सेलू तालुक्यातल्या एका दवाखान्यात काम करते. निवृत्त व्हायला अजून बरीच वर्षं आहेत, त्यामुळं दिवाळी अंकात आठवणी लिहायचं माझं वय नाही असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. निवृत्तीनंतर सांगितलेलं शहाणपण गाईंच्या कामाला येत नाही. मला ते आत्ता सांगायचं आहे.

आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. पुस्तकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. याचे जंतू गाईच्या गर्भाशयात आणि कासेत घर करतात. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडते, आणि त्या वासरासोबत, वारेसोबत, अंगावरून जाणाऱ्या घाणीसोबत जंतूंचा लोंढा बाहेर पडतो. नंतर गाय पुन्हा खाते, रवंथ करते, दूध देते. दिसायला ठणठणीत. म्हणूनच हा आजार लबाड आहे. जंतू मात्र दुधातून येत राहतात. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो, नाहीतर गाभडलेलं वासरू उघड्या हातानं ओढल्यानं. मग ताप येतो, जातो, परत येतो. रात्री कपडे भिजेपर्यंत घाम, कंबर धरते, सांधे धरतात. लोक कधी टायफॉइडची गोळी खातात, कधी मलेरियाची, आणि शेवटी ‘बाहेरचं’ बघायला जातात.

गाईसाठी औषध नाही. आहे ती लस. फक्त कालवडीला, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. ही लस जिवंत जंतूंची असते. सुई माझ्याच बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर आजार मला होऊ शकतो. म्हणून मी जाड हातमोजे आणि मोठा चष्मा घालून गोठ्यात शिरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली होती, “म्याडम, सुई टोचायला आलात का वेल्डिंग करायला?”

माझ्यासोबत असतात आमच्या दवाखान्यातले परिचर रशीदभाई. गाय कशी धरायची आणि मालक कसा धरायचा, या दोन्ही विद्या मी त्यांच्याकडून शिकले. दुसरी अजून नीट जमत नाही. माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलं. वडील चळवळीतले, घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. खरी गोष्ट छापून हातात दिली की माणूस बदलतो, असा माझा पक्का समज होता. म्हणून या आजारावर मी स्वतः एक पत्रक लिहिलं, रशीदभाईंनी ते गावोगाव वाटलं. ‘दूध उकळूनच प्या’ ही ओळ ठळक छापली होती.

पुढची गोष्ट त्या पत्रकाला पुरून उरली.

फाट्यापासून आतल्या एका गावाकडं आम्ही मोटारसायकलवरून निघालो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं माझी आहेत. गावाच्या तोंडाशी मोठा वड आहे. त्याच्या फांदीला गोणपाटाचं गाठोडं लटकत होतं. खालची माती काळी पडलेली, दोन कुत्री तोंड वर करून बसलेली.

आमच्याकडं गाय व्याली की तिची वार गोणपाटात बांधून वडाला टांगतात. वडाला चीक असतो, तसं गाईला दूध यावं म्हणून. चांगल्या व्यालेल्या गाईची वार टांगली तर मी फार तर नाक मुरडेन. पण हे गाठोडं लहान होतं.

“दिवस भरलेल्या गाईचं न्हाई हे,” रशीदभाई गाडी उभी करत म्हणाले.

आम्ही हातमोजे घातले, आकडीनं गाठोडं उतरवलं, खोल खड्डा केला, चुना टाकला आणि पुरलं. तोवर चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली होती. कुणाच्या गाईचं, असं विचारल्यावर सगळे एकदम आभाळाकडं बघायला लागले. शेवटी टपरीवाला म्हणाला, “अप्पाची गौरी.”

अप्पा म्हणजे शिवलिंगअप्पा. लिंगायत घर, गावात किराणा दुकान, थोडी शेती. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि वजनकाट्यावर कधी बोट न ठेवणारा माणूस अशी ख्याती. आम्ही दुकानात गेलो. अप्पांनी बसायला स्टूल दिलं आणि फुटाण्याची पुडी पुढं केली. पुडी माझ्याच पत्रकाची होती.

“अप्पा, गौरी गाभडली म्हणे?”

“गाभडली न्हाई. लवकर मोकळी झाली.”

“सातव्या महिन्यात?”

“सरकारी मानसं लय महिने मोजतात, म्याडम.”

रशीदभाई मध्ये पडले. “अप्पा, भांडायला न्हाई आलो. दूध कुणाला घालता तेवढं म्याडम इचारायल्यात.”

“कुणालाच न्हाई. थेंब विकत न्हाई, घरात कुणी चहात घालत न्हाई.”

मला इतकं बरं वाटलं की मी चार फुटाणे तोंडात टाकले. कुणीतरी पत्रक वाचलं होतं. मी त्यांचं कौतुक करायला लागले, तर अप्पा म्हणाले, “कवतिक कशाचं? समदं महादेवाला बोललोय.”

मग त्यांनी नवस सांगितला. त्यांची सून महानंदा. गेल्या साली तिला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात पोट रिकामं झालं. तेव्हापासून घरातलं बोलणंच कमी झालेलं. या खेपेला दिवस राहिले तसे अप्पा देवळात गेले आणि बोलले: गौरी व्याली की सून सुखरूप सुटेपर्यंत तिचं सगळं दूध महादेवाला. गौरीचं वासरू गेलं, पण कासेत दूध उतरलं. अप्पांना वाटलं, देवानं वासरू घेतलं पण नवस मान्य केला. आता महानंदाला पाचवा महिना चालू होता.

“देवाला तापवलेलं चालत न्हाई,” अप्पा म्हणाले. “धारोष्ण दूध थेट पिंडीवर.”

“आणि पिंडीवरून कुठं जातं?”

“जातं कुठं म्हंजे? तीर्थ हाय ते. किसन गुरव वाटतो. सूनबाईला रोज पहिली वाटी.”

माझ्या तोंडातला फुटाणा तिथंच राहिला. मी पुडी उलगडून ती ठळक ओळ त्यांच्यासमोर धरली. “हे वाचलंत ना तुम्ही?”

“वाचलं की. पिणाऱ्यासाठी हाय ते.” अप्पा शांतपणे म्हणाले. “तीर्थ कुणी पीत न्हाई, म्याडम. तीर्थ घेतात.”

गावोगाव घरोघर जाऊन मी विचारत आले होते, कच्चं दूध पिता का? सगळे नाही म्हणत. खरं बोलत होते सगळे. ओंजळीत घेतलेलं ते दूध त्यांच्या लेखी दूध नव्हतंच.

मग मी जे करते तेच केलं. बोलायला लागले. वासरू का गेलं, त्या दुधात काय असू शकतं, पोटुशी बाईला ते किती घातक, सगळं एका दमात. ज्या लेकरासाठी नवस केला त्याच लेकराला त्या वाटीतून धोका आहे, हेही बोलून गेले. अप्पांचा चेहरा दगड झाला. “दुकानाची येळ झाली,” ते म्हणाले. दुकान आधीपासून उघडंच होतं.

बाहेर आल्यावर रशीदभाई म्हणाले, “तुमी भाषण सुरू केलं की मी गाडी सुरू करून ठेवतो. आज उशीर झाला.”

“मग काय, गप्प बसू?”

“गप्प कोण बस म्हनतंय? पण गाय आजारी हाय का न्हाई ते तरी आधी ठरवा. सबूत न्हाई आणि सजा सुनावून मोकळ्या.”

त्यांचं बरोबर होतं, आणि मला घाई होती. रोज एक वाटी जात होती.

गाभडून महिना होत आला तरी गौरीच्या अंगावरून घाण जात होती, तिला वास येत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यावर उपचार करायला गेलो. गाईचा विषय निघाला की अप्पांचा दगड विरघळतो. लाल कंधारी गाय, डोळे काजळ घातल्यासारखे. अप्पा तिच्या गळ्याखाली हात फिरवत उभे राहिले आणि मी औषध दिलं, रक्त घेतलं. कशासाठी घेते ते सांगून घेतलं. “घ्या,” ते म्हणाले, “खोटं निघंल.”

तेवढ्यात ओसरीवर पांघरूण घेऊन बसलेला तरुण दिसला. अप्पांचा मुलगा मन्मथ, महानंदाचा नवरा. ताप येऊन जाऊन होता, घाम, कंबरदुखी. टायफॉइडचं औषध संपत आलं होतं आणि ताप तसाच. मी विचारलं, गौरीचं वासरू कुणी ओढलं? त्यानं आपले दोन्ही हात पुढं केले. नखांच्या कडा सोललेल्या, बोटांवर ऊस तोडल्याच्या चिरा. या हातांनी, आणि हातमोजे न घालता.

रशीदभाई त्याला बिडी ओढायच्या निमित्तानं परसात घेऊन गेले आणि एकटे परत आले. हळूच म्हणाले, “अजून एक हाय. अंडाला सूज हाय. शरमेनं कुणाला सांगितलं न्हाई, बायकोलाबी न्हाई.” हे मी मुद्दाम लिहिते आहे. या आजारात पुरुषांना तशी सूज येऊ शकते, आणि ती लपवली जाते म्हणून डॉक्टरला अंदाज येत नाही. लाज बाळगायची तर उघड्या हातानं वार ओढायची बाळगा.

मी माणसांची डॉक्टर नाही. परभणीच्या एका डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “तुमचे पेशंट बोलत नाहीत, हे किती बरं,” ते म्हणाले. “माझा पेशंट तासभर बोलतो आणि गाईचा ‘ग’ काढत नाही. पाठवा त्याला. आणि बाईला लवकर पाठवा.”

पण बाईला पाठवणार कोण? अप्पांच्या घरात तीर्थ घेणाऱ्या सुनेला तपासायला नेणं म्हणजे देवावर अविश्वास.

गौरीचा अहवाल आला. आजार होता.

तो अहवाल हातात घेऊन मी दवाखान्यात बसून राहिले. त्याआधीचा एक प्रसंग डोक्यात होता. दुसऱ्या एका गावात एका गाईला हाच आजार निघाला. मी तिच्या मालकाला चारचौघांत सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले तर गाय नव्हती. “कोन्ती गाय?” मालक मलाच विचारायला लागला. तिच्या कानातला नोंदणीचा पिवळा बिल्ला गोठ्याच्या खुंटीला अडकवलेला होता. गाय बाजारातून कुठं गेली, कुणाच्या गोठ्यात आजार घेऊन उभी राहिली, मला आजवर कळलेलं नाही. ही गोष्ट मला टोचते. कायद्यानं गाईची कत्तल बंद आहे, औषध नाही, बाजूला ठेवून पोसायची ताकद प्रत्येकाकडं नाही. मग माणूस तोंड बंद ठेवून तिला विकतो. त्याला शिव्या देणं सोपं आहे. मी दिल्याही आहेत. पण वेगळं ठेवलेल्या जनावरासाठी गावानं, पंचायतीनं, सरकारनं काही करावं, हे बोलल्याशिवाय नुसत्या शिव्या देण्यात अर्थ नाही.

म्हणून अप्पांना चावडीवर नाही, त्यांच्याच अंगणात सांगायचं ठरवलं. रशीदभाईंनी किसन गुरवांनाही बोलावून आणलं. ते कंबरेवर हात ठेवून, वाकतच आले.

मी अहवाल सांगितला. अप्पा म्हणाले, “कागुद हाय. कागदावर काय बी येतं.”

हे मला अपेक्षित होतं. एक तपासणी अशी आहे की तिला वाचावं लागत नाही. नळीत थोडं दूध घ्यायचं, त्यात निळसर जांभळ्या द्रावाचा थेंब टाकायचा, हलवायचं आणि उबेला ठेवायचं. दूध चांगलं असेल तर रंग सगळ्या दुधात पसरून राहतो. आजाराचं असेल तर रंग सगळा वर चढतो. साय येते तिथं निळं कडं धरतं आणि खाली दूध पांढरंफेक. अगदी चिकाच्या दुधात ही तपासणी फसवते, म्हणून रक्ताचा आधार आधी घेतला होता. गौरीचा चीक केव्हाच संपला होता.

दोन नळ्या केल्या. एकीत गौरीचं दूध, दुसरीत रशीदभाईंच्या घरच्या गाईचं. कोमट पाण्याच्या तांब्यात दोन्ही उभ्या केल्या आणि आम्ही बसलो. महानंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मन्मथ खांबाला टेकून. चहा झाला. पाऊसपाणी झालं. रशीदभाईंनी आपल्या गाईचे गुण सांगून घेतले.

नळ्या बाहेर काढल्या. रशीदभाईंची फिकट निळी, एकसारखी. गौरीच्या नळीत खाली पांढरंशुभ्र दूध आणि गळ्याशी निळं कडं.

अप्पांनी नळी उजेडाकडं धरली. बराच वेळ पाहिली. मग त्यांचा आवाज एकदम वर गेला. “महादेवाचा गळा निळाच हाय, म्याडम! त्यानं हलाहल घेतलं. तुमचे जंतू त्याच्यापुढं काय?”

“घेतलं,” मी म्हणाले. “पण गळ्यातच धरून ठेवलं ना अप्पा? खाली उतरू दिलं नाही. आणि वाटीत घालून सुनेला तर दिलं नाहीच.”

रशीदभाईंनी गाडीच्या किल्लीला हात घातला, मी पाहिलं. अप्पांच्या कानशिलाची शीर उडत होती. ते माझ्याशी बोलले नाहीत. गुरवांकडं वळले.

“किसन, देवाला तापवलेलं दूध चालतं का?”

“न्हाई चालत.”

“कुणी सांगितलं?”

“बापानं.”

“बापाला कुणी?”

“त्याच्या बापानं.” किसन गुरवांनी कंबर चोळली. “देव सोता अजून काई बोलला न्हाई. आणि अप्पा, खरं सांगू का? ती वाटी मीबी रोज घेतो. पंधरवडा झाला, अंगात कसर हाय, उठता येईना.”

अप्पा तरी उभेच होते. नवस मोडायचा म्हणजे काय, हे मला माझ्या शिक्षणानं कळलं नसतं. मागच्या खेपेला काहीही न करता बसलो, म्हणून गेलं, असं त्यांच्या मनात होतं. आता हातातली एकुलती एक गोष्ट मी काढून घेत होते.

तेव्हा महानंदा बोलली. दारातून पुढं न येता, पण ऐकू येईल असं.

“अप्पा, नवस माझ्यासाठी हाय ना? मग मला इचारा की.”

अप्पांनी मान वळवली.

“मागच्या खेपेला समदे म्हनले, देवाची मर्जी. मी गप ऱ्हायले. या खेपेला मला देवाची मर्जी बी पायजे आणि डॉक्टरची तपासनी बी. दोनी पायजेत.”

अप्पा आत गेले. भांड्यांचा आवाज झाला. ते बाहेर आले तेव्हा हातात घरातलं सगळ्यात मोठं पातेलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

“किती उकळायचं?”

“चांगलं वर येऊ द्या. मग ढवळत आणखी थोडा वेळ उकळत ठेवा.”

“मग गार करून वाहायचं.” त्यांनी गुरवांकडं बघितलं. “किसन, तुझ्या बापाचं मी बघून घेईन.”

दुसऱ्या दिवशी जीप करून तिघंही परभणीला गेले. मन्मथला तोच आजार निघाला, गुरवांनाही. आणि महानंदालाही.

हे कळलं तेव्हा मी शेजारच्या गावातल्या एका गोठ्यात होते. हातमोजे काढून फोन घेतला होता. पलीकडून मन्मथ म्हणाला, “म्याडम, डॉक्टर म्हनले, येळेवर आणलं. पोटुशी बाईला चालतात ती औषधं दिलीत. पण लक्ष ठेवावं लागंल म्हनले.”

पुढचे महिने अप्पा मला भेटले की आधी गौरीचं विचारत, मग सुनेचं. मी म्हणायची, “मी जनावरांची डॉक्टर आहे, अप्पा.” ते म्हणायचे, “ठावं हाय. पण बोलणारी डॉक्टर तुमीच हाव.” मन्मथ दीड महिना गोळ्या घेत होता. अर्ध्यात बरं वाटलं तसा त्यानं गोळ्या ठेवून द्यायचा बेत केला, तो महानंदानं हाणून पाडला. हा आजार अर्धवट औषधानं परत उलटतो, हे तिनं परभणीच्या डॉक्टरांकडून पाठ करून आणलं होतं. नवऱ्याला ती समोर बसवून गोळी गिळायला लावायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायला सांगायची.

चौथा महिना तर मागंच पडला होता. सहावा गेला. सातवा लागला तसे अप्पा स्वतःच दिवस मोजायला लागले. ‘लय महिने मोजतात’ हे त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवायचा मला मोह झाला, पण मी आवरला. हे मी क्वचित करते.

गौरीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. मी म्हणाले, “विकू नका. एवढंच मागते.”

“विकायची कशी?” अप्पा म्हणाले. “घेणारा तिचे दात बघंल, कास बघंल, चाल बघंल. हे त्याला कुठं दिसणार? दिसत न्हाई ते इकायचं, हा धंदा मी दुकानात करत न्हाई, बाजारात कशाला करू?”

गौरी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर गेली. वेगळा गोठा, वेगळी दावण, वेगळं पाणी. तिला पुन्हा गाभण करायचं नाही. मन्मथ आता हातमोज्यांशिवाय तिच्या गोठ्यात जात नाही. दूध उकळलं जायचं, गार व्हायचं आणि मग पिंडीवर जायचं.

त्याच काळात आम्ही त्या गावात लसीकरण ठेवलं. आधीच्या वेळी तिथं कालवडी शोधाव्या लागल्या होत्या. लोक त्यांना मागच्या रानात नेऊन बांधत. या वेळी अप्पा दुकान बंद करून वडाखाली उभे राहिले. एकानं लांबून ओरडून विचारलं, “अप्पा, सुई मारून दूध आटलं तर?”

“कालवडीला कुठलं आलं दूध? तुझी अक्कल आटलीय, तिला सुई न्हाई. आण कालवड!”

रशीदभाई माझ्या कानाशी म्हणाले, “म्याडम, तुमचं पत्रक बोलायला लागलं.” त्या दिवशी गावातली त्या वयाची एकही कालवड लसीवाचून राहिली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

महानंदाला परभणीच्या दवाखान्यात दिवस भरून मुलगी झाली. लेकराची तपासणी झाली, आजाराचा मागमूस नव्हता. फोन रशीदभाईंना आला. त्यांनी दवाखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या एका बैलाच्या पाठीवर जोरात थाप मारली. बैलानं त्यांना ढुसणी दिली. खरीखुरी.

नवस फेडायच्या सोमवारी आम्हाला बोलावणं होतं. देवळाच्या अंगणात अप्पांनी तीन दगडांची चूल मांडली होती. त्यावर तेच मोठं पातेलं, आणि गौरीचंच नव्हे तर गावातून ज्यानं ज्यानं आणलं त्या सगळ्यांचं दूध. तीर्थाचं दूध आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तापत होतं. दर्शनाला आलेली माणसं रांगेत थांबली होती. एक म्हातारा कुरकुरला, “देवाला वाट बघायला लावता का रे?”

“देवाला घाई न्हाई,” अप्पा पातेल्यात डाव फिरवत म्हणाले. “घाई तुला हाय.”

दूध वर आलं. त्यांनी ते खाली बसू दिलं, पुन्हा ढवळलं. गार व्हायला परातीत ओतलं. किसन गुरव ताठ उभे राहून मंत्र म्हणत होते. महानंदा मुलीला घेऊन पायरीवर बसली होती. पहिली वाटी तिच्याकडं आली. तिनं ती घेतली, बोट बुडवून पाहिलं, आणि मग प्यायली.

सगळंच गोड झालं असं नाही. गौरी आखाड्यावर एकटी आहे. रस्त्यानं दुसऱ्या गाई चालल्या की हंबरते. तिच्यात आजार कुठून आला, हे कळलं नाही. ती कालवड असताना कुणी सुई टोचली असती तर ती आज कळपात असती, हे मात्र मला नक्की कळलेलं आहे.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. वसुबारसेला तुम्ही गाय-वासराची पूजा कराल. स्वतःच्या गोठ्यात कराल, भावाच्या, मामाच्या, नाहीतर शहरातून गावी जाऊन शेजाऱ्याच्या. ज्या कालवडीच्या कपाळाला कुंकू लावाल, तिचं वय मालकाला विचारा. चार महिन्यांच्या पुढं आणि आठ महिन्यांच्या आत असेल, तर ब्रुसेलोसिसची लस झाली का, हेही तिथंच उभं राहून विचारा. झाली नसेल तर भाऊबीज उरकली की तिला दावं लावा आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जा. मालकाला वेळ नसेल तर दावं तुम्ही धरा.